मधलं वजन

"पंधरा किलो?" काटेवाले मोकळेपणाने हसले. "डॉक्टर, पंधरा किलोला आमच्या धंद्यात वजन म्हणत नाहीत. तेवढा चिखल ट्रकच्या चाकांना लागलेला असतो. दोन महिन्यांत झटकून टाकतो, बघा तुम्ही."

डॉक्टरीणबाई काही हसल्या नाहीत. रक्तदाब वर गेला होता, रक्तातली साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती, आणि हे गृहस्थ खुर्चीत धड मावत नसताना चिखलाच्या गोष्टी सांगत होते. त्यांनी सगळं सावकाश समजावलं. निम्मं ताट भाज्यांचं. गोड आठवड्यातून एकदा, तेही चवीपुरतं. रोज अर्धा तास चालणं, घाम येईल इतपत.

"औषध मी लिहून देईन," त्या म्हणाल्या, "पण चालायचं तुम्हालाच आहे. आणि आत्तापासून चाललात तर कदाचित औषध लागणारही नाही."

"जिने चढता येतील?" काटेवाल्यांनी एकदम विचारलं. आवाजातला तोरा उतरला होता.

"किती मजले?"

"चार."

"हळूहळू येतील. पण आधी वजन करा."

कोपऱ्यात एक वजनकाटा होता, बिस्किटाच्या डब्याएवढा. काटेवाले त्यावर उभे राहिले खरे, पण आकड्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून. ज्या यंत्राला आपण एका हाताने उचलू शकतो ते आपलं वजन काय सांगणार, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. नर्सने आकडा चिठ्ठीवर लिहिला, बायकोने चिठ्ठी पर्समध्ये टाकली, आणि काटेवाले आपल्या काट्याकडे निघून गेले.

त्यांचा काटा म्हणजे गोदामांच्या मोठ्या आवारातला ट्रक तोलायचा काटा. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर अख्खा ट्रक उभा राहतो, बाहेर खांबावर लाल आकडे उमटतात, आणि शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये बसून काटेवाले ते आकडे लिहून घेतात. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. खरं तर बावीस वर्षं त्यांनी एवढंच केलं होतं, आणि तेही बसून. म्हणून तर ही वेळ आली होती. हा काटा वीस-वीस किलोंनी बोलायचा. शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस. अधलंमधलं काही असेल तर जवळचा आकडा दाखवून मोकळा व्हायचा. ड्रायव्हर लोक आठ-दहा किलोंवरून हुज्जत घालायला आले की काटेवाल्यांचं एकच उत्तर असे, "मधलं वजन म्हणजे हवा. काट्याने म्हटलं तेच खरं."

आता चार मजल्यांचं सांगायला हवं. चौथ्या मजल्यावर ताई राहायची. काटेवाल्यांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी, आणि आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलेलं. तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. भावजी गेले, त्यानंतर तिचे गुडघे गेले, आणि ताई वरच राहिली ती राहिलीच. इकडे काटेवाले चढायचे थांबले होते. एकीला उतरता येत नाही आणि दुसऱ्याला चढता येत नाही, अशी गेली अडीच वर्षं चालली होती.

तरी दर रविवारी सकाळी ते जायचे. खाली आवारात उभे राहायचे. वरून ताई गॅलरीच्या कठड्याला धरून वाकायची, आणि इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायची, "आलास का रे पिटुकल्या?"

सव्वाशे किलोंच्या माणसाला कुणी पिटुकल्या म्हटलं की आजूबाजूच्या खिडक्या उघडतात. काटेवाल्यांना आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्यांना वाटायचं ते वेगळंच. खालून त्यांना ताईची फक्त हनुवटी दिसायची आणि कठड्यावरचे दोन हात. तिला वरून त्यांचा फक्त टाळूचा भाग दिसायचा. "केस विरळ झालेत हं तुझे," ती म्हणायची, "मला आपलं तेवढंच दिसतं." अडीच वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण फोन म्हणजे आवाज, आणि आवाज काही म्हातारा होत नाही. ताई आता कशी दिसते, हे काटेवाल्यांना खरोखर माहीत नव्हतं.

शेवटचं चढले होते त्या दिवशीची गोष्ट इमारतीत अजून रंगवून सांगितली जाते. दुसऱ्या मजल्यावर श्वास संपला. तिथे राहणाऱ्या गाण्याच्या शिक्षिका, म्हणजे गाणेबाई, धावत आल्या आणि त्यांनी आपली हातांची खुर्ची पुढे केली. काटेवाले बसले. बसले ते पक्के बसले. चार जणांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं, कारण खुर्ची वेगळी होईना! शेवटी पाना आणून खुर्चीचा एक हात सोडवावा लागला. आणि हे सगळं चालू असताना वरून ताईचा आवाज येत होता, "काय झालं रे? पिटुकल्या, काय झालं? कुणी सांगेल का मला?" तिला दोन मजले उतरून येता येत नव्हतं. तो आवाज काटेवाल्यांच्या कानातून गेला नाही. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता वर जायचं ते आपल्या पायांनी, नाहीतर नाही.

तर दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी आवारात उभं राहून जाहीर केलं, "ताई, माझा काटा ज्या दिवशी शंभर दाखवेल ना, त्याच्या दुसऱ्या रविवारी मी वर!"

"कधी दाखवेल?"

"दोन महिने धर."

"धरते," ताई म्हणाली. आणि नेहमीप्रमाणे दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली.

ही टोपली म्हणजे एक प्रकरण होतं. तिच्यात दर रविवारी ताईच्या हातची लोण्याची बिस्किटं असायची, डबाभर, आणि जोडीला अक्रोडाचा केक. टोपली खाली येताना दुसऱ्या मजल्यावर किंचित थांबायची, कारण गाणेबाई कठड्यातून हात घालून दोन बिस्किटं काढून घ्यायच्या. तो त्यांचा हक्कच झाला होता. उरलेला डबा काटेवाले सोमवार संपेपर्यंत संपवायचे. म्हणजे पाहा, ज्या बहिणीकडे जाता येत नव्हतं तिचीच बिस्किटं जाऊ देत नव्हती.

त्या रविवारी काटेवाले म्हणाले, "ताई, आता बिस्किटं नकोत. डॉक्टरांनी सांगितलंय."

टोपली त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर थांबली. बराच वेळ तिथेच लटकत राहिली. शेवटी ताई म्हणाली, "बरं. मग वर ओढून घेऊ?"

ते 'वर ओढून घेऊ' अशा काही स्वरात आलं की काटेवाल्यांनी हात उंच करून टोपली स्वतःच खाली खेचली. "नको नको, राहू दे. खाईन एखादं."

एखादंही खाल्लं नाही. सोमवारी सकाळी डबा तसाच्या तसा त्यांनी भोंग्याच्या हातात दिला. भोंगा म्हणजे एक ट्रक ड्रायव्हर. आवाराच्या फाटकापासून काट्यापर्यंत तो हॉर्नवरचा हात काढत नसे, म्हणून हे नाव. काट्याला फसवायचे जेवढे प्रकार जगात आहेत तेवढे भोंग्याने करून पाहिले होते, आणि काटेवाल्यांनी प्रत्येक वेळी त्याला पकडलं होतं. त्यातून दोघांची चांगलीच दोस्ती झाली होती.

एकट्या माणसाला हा काटा ओळखतच नसे. मुंगी चढल्यासारखा गप्प बसे. म्हणून काटेवाल्यांनी पद्धत बसवली. दर सोमवारी भोंग्याचा रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, शेजारी आपण बसायचं, आकडा बघायचा. मग आपण उतरायचं, भोंगा आणि ट्रक तसेच, पुन्हा आकडा. वजाबाकी केली की आपलं वजन. पहिल्या सोमवारी आकडे आले आठ हजार एकशे वीस आणि आठ हजार. म्हणजे एकशे वीस.

"शंभर म्हणजे एकच पायरी खाली," काटेवाले म्हणाले. "हे काय, आलंच."

आणि माणसाने खरंच कंबर कसली. पहाटे उठून गोदामांना फेऱ्या घालू लागले. पहिल्या आठवड्यात अर्धी फेरी, मग एक, मग तीन. केबिनमध्ये खुर्चीच्या जागी उंच टेबल आणलं आणि निम्मे आकडे उभ्याने लिहू लागले. डब्यात उकडलेल्या भाज्या, मोडाची कडधान्यं, फळं. बायकोला तर विश्वासच बसेना. पूर्वी हा माणूस भाजीकडे वळून बघत नसे.

दुसरा महिना संपला. काटा म्हणाला, एकशे वीस.

चौथा महिना. एकशे वीस.

"अहो, पट्टा तीन भोकं आत गेलाय तुमचा," बायको म्हणाली.

"चामडं आहे. ताणतं."

"आणि शर्ट?"

"धुऊन धुऊन सैल झाला. काटा एकशे वीस म्हणतो."

"मधे काहीतरी झालं असेल की. दवाखान्यात चला, त्या काट्यावर..."

"तो डबा आहे," काटेवाले म्हणाले. "आणि मधलं वजन म्हणजे हवा. बावीस वर्षं लोकांना सांगतोय, आता स्वतःला वेगळं सांगू?"

बायको दर महिन्याला त्यांना दवाखान्यात ओढून न्यायचीच. ते डब्यावर उभे राहायचे, भिंतीकडे बघायचे, आणि चिठ्ठी पर्समध्ये जायची. रक्तदाब उतरतोय असं डॉक्टरीणबाई सांगायच्या. काटेवाले मान हलवायचे. त्यांना रक्तदाब घेऊन कुठे जायचं नव्हतं, त्यांना ताईकडे जायचं होतं.

रविवारी ताई विचारायची, "काय म्हणतो रे काटा?"

"यायचाय अजून."

"बरं. मी इथेच आहे."

हे ती हसत म्हणायची. ती सत्तरीला टेकली होती. इथेच असण्यालाही काही मुदत असते, हे दोघांना कळत होतं आणि दोघं बोलत नव्हते.

आठव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काट्याने पुन्हा एकशे वीस म्हटलं, तेव्हा काटेवाले ट्रकच्या पायरीवर मटकन बसले. भोंगा बिस्किटं खात होता. आठ महिन्यांत तो इतका सुटला होता की वळण घेताना पोट हॉर्नला लागत होतं.

"भोंग्या," काटेवाले म्हणाले, "मी रविवारी ताईला सांगून टाकतो. वाट बघू नकोस म्हणावं. नाही जमत."

भोंग्याच्या घशात बिस्किट अडकलं. ज्या बाईची बिस्किटं आपण आठ महिने खातोय तिला हे ऐकायला लागणार, हे त्याला सोसवेना. बिस्किटं बंद होतील असाही विचार आला नसेल असं नाही, पण तो नंतरचा.

पुढच्या सोमवारी ट्रक नेहमीसारखा काट्यावर आला. आठ हजार एकशे वीस. काटेवाले उतरले आणि आकडा लिहायला केबिनमध्ये गेले. तेवढ्यात भोंग्याने पलीकडच्या बाजूने खाली वाकून, फलाटाच्या कडेबाहेर ठेवलेला वीस लिटर पाण्याचा भरलेला कॅन ट्रकमध्ये ओढून घेतला. काटेवाले बाहेर येऊन बघतात तर खांबावर आठ हजार वीस!

"ट्रक वीस किलोंनी जड कसा झाला रे?"

"ट्रक नाही साहेब, मी," भोंग्याने पोटावर थाप मारली. "ताईंची कृपा."

आता भोंगा जड झाला असता तर दोन्ही आकडे वाढले असते, हे बावीस वर्षांच्या काटेवाल्याला झोपेतही कळायला हवं होतं. आवारातल्या कुठल्याही ड्रायव्हरने हा डाव टाकला असता तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे धरलं असतं. पण त्यांनी वजाबाकी केली, ती शंभर आली, आणि पुढचं काही त्यांना दिसलंच नाही. डोळे भरले होते. ते केबिनमध्ये गेले आणि वहीत एका ओळीत त्यांनी तीनदा शंभर लिहिलं.

"ताई, शंभर!" त्या रविवारी खिडक्या उघडायला ताईच्या हाकेची वाट पाहावी लागली नाही. "पुढच्या रविवारी वर!"

कठड्यावरचे दोन हात दिसेनासे झाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा आले तेव्हा त्यांत पदराचं टोक होतं. गाणेबाई आपल्या गॅलरीतून म्हणाल्या, "या वेळी मी बिनहातांचं स्टूल काढून ठेवते."

इकडे भोंग्याची झोप उडाली. माणूस एकशे वीसचा, मनाने शंभरचा, आणि चढणार चार मजले. मधेच छातीत काही झालं म्हणजे? शनिवारी दुपारी तो काटेवाल्यांच्या घरी गेला, ते बाहेर गेलेत याची खात्री केली, आणि त्यांच्या बायकोसमोर सगळं ओकून टाकलं. पाण्याच्या कॅनसकट.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग पर्स उघडून चिठ्ठ्या काढल्या, एकेक करून पाहिल्या आणि पुन्हा ठेवल्या. "परवाच डॉक्टरीणबाईंना विचारलंय," ती म्हणाली. "चढू दे म्हणाल्या, प्रत्येक मजल्यावर थांबून. उद्या तुम्हीही या, भोंगाभाऊ. मागे राहा. आणि तोंड बंद ठेवा."

रविवार उजाडला. काटेवाले इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. आवारात क्षणभर थांबून सवयीने वर पाहिलं, पण आज वर हनुवटी नव्हती. ताई दाराशी येऊन उभी होती म्हणे.

पहिला मजला गप्पा मारता मारता झाला. थांबले, श्वास घेतला, पुढे निघाले. दुसऱ्या मजल्यावर गाणेबाई स्टूल घेऊन उभ्या होत्या. काटेवाल्यांनी स्टुलाकडे पाहून नमस्कार केला आणि न बसता पुढे गेले. मागून टाळ्या वाजल्या. शंभर किलोंच्या माणसाचे पाय किती हलके असतात, हे त्यांना आत्ता कळत होतं. तिसरा मजला आला. आता अठरा पायऱ्या.

आणि इथे त्यांनी सहज मागे वळून पाहिलं. मागे बायको होती. बायकोच्या मागे भोंगा, डोक्यावर गाणेबाईंचं स्टूल. भोंग्याच्या मागे गाणेबाई, हातात पाण्याचा तांब्या आणि पंखा. त्यांच्या मागे इमारतीतले चार धट्टेकट्टे लोक, बाह्या वर सारून.

"हे काय?" काटेवाले म्हणाले. "शंभराच्या माणसाला एवढी वरात कशाला? भोंग्या, स्टूल कशाला?"

एवढ्या लोकांनी एकदम आपल्याकडे पाहिल्यावर भोंग्याचं तोंड बंद राहिलं नाही. "साहेब, तुम्ही शंभर नाही," तो रडवेला होऊन म्हणाला. "कॅन होता. पाण्याचा. वीस लिटर. मी चढवला मधेच."

काटेवाले उभ्या जागी पायरीवर बसले. आत्तापर्यंत कुठे होता कोण जाणे, तो सगळा दम एकदम लागला. छाती वरखाली होऊ लागली, कपाळावर घाम आला. चार धट्टेकट्टे लोक एक पायरी पुढे सरकले.

"हात लावायचा नाही कुणी," काटेवाले म्हणाले. मग हळू आवाजात, "म्हणजे एकशे वीसच. अजून एकशे वीसच."

"नाही," बायको म्हणाली. तिने पर्समधून पहिली चिठ्ठी काढली. "हे आठ महिन्यांपूर्वीचं. एकशे अठ्ठावीस." मग शेवटची. "हे गेल्या गुरुवारचं. एकशे बारा."

"तो डबा आहे गं."

"असू दे डबा. सोळा किलो गेलेत."

"मधले आहेत. माझ्या काट्याला दिसत नाहीत."

"तुमच्या काट्याला नाही दिसत," बायको म्हणाली, "पण तीन मजले कशावर चढलात? त्या मधल्यावरच ना?"

काटेवाल्यांनी जिन्याच्या खालच्या वळणाकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्याचा कठडा खाली राहिला होता. तिथे श्वास संपला होता, तिथून तो आवाज ऐकला होता. आज तिथे ते थांबलेसुद्धा नव्हते.

"पिटुकल्या," वरून हाक आली. आज ओरडून नाही, घरातल्या घरात मारावी तशी. "काय झालं रे?"

"काही नाही ताई. बसलोय जरा. उठता येत नाहीये. पाय धरलेत."

"मग उठू नकोस," ताई म्हणाली. "जिना पहिल्यांदा कसा चढला होतास, विसरलास? दीड वर्षाचा होतास तू."

काटेवाल्यांना दीड वर्षाचं आठवणं शक्य नव्हतं, पण ही गोष्ट ताईने इतक्यांदा सांगितली होती की आठवत असल्यासारखीच होती. त्यांनी बूट काढले आणि नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले. जिन्याकडे पाठ केली. दोन्ही तळवे वरच्या पायरीवर टेकले, आणि बसल्या बसल्या एक पायरी मागे सरकले. मग दुसरी. खाली उभी असलेली सगळी वरात त्यांच्याकडे तोंड करून बघत होती, आणि कुणाला हसू आलं नाही असं म्हणता येणार नाही. पण पाचव्या पायरीपासून गाणेबाई मोजू लागल्या, मग सगळेच मोजू लागले. सहा. सात. अकराव्या पायरीवर काटेवाले थांबले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले. सतरा. अठरा.

डोक्यावर हात पडला.

पाठमोरे आल्यामुळे ताईला पहिल्यांदा दिसला तो पुन्हा टाळूचाच भाग. तिने त्यावरून हात फिरवला. "विरळ झालेत खरेच," ती म्हणाली. "वरून वाटत होतं त्याहून जास्त."

काटेवाल्यांनी मान वळवून वर पाहिलं. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. किती लहान झाली होती! चष्म्याची काच जाड झाली होती, गालांची हाडं वर आली होती, आणि केसांत एकही काळा उरला नव्हता. खालून दिसणारी हनुवटी आणि हात तेवढे ओळखीचे होते. बाकीची ताई तीन वर्षांत त्यांना न सांगता म्हातारी झाली होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ताई खाली बसू शकत नव्हती, ते उठू शकत नव्हते. म्हणून तिने त्यांचं डोकं आपल्या गुडघ्याशी धरलं आणि दोघं तशीच राहिली. वरात हळूच एकेक करून खाली गेली.

पाय सुटल्यावर ते आत गेले. टेबलावर कापलेली फळं होती, मोठा वाडगा भरून, आणि शेजारी बिस्किटांची बशी. काटेवाल्यांनी बशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलंय. तुझी बिस्किटं..."

"तो ड्रायव्हर खातो," ताई म्हणाली. "माहितीये मला. टोपलीत रिकामा डबा परत येतो ना, त्याला डिझेलचा वास असतो."

"मग पाठवत का राहिलीस?"

ताईने फळांची फोड त्यांच्यापुढे केली. "टोपली सोडेपर्यंत तू खाली थांबायचास," ती म्हणाली. "सोडायला काही नसतं तर लवकर गेला असतास."

उतरणं चढण्यापेक्षा सोपं नव्हतं. एक हात कठड्यावर, एक बायकोच्या खांद्यावर, असं करत काटेवाले आवारात पोचले तेव्हा दुपार झाली होती. सगळं लक्ष गुडघ्यांकडे होतं, त्यामुळे आपण मोजे घालूनच चार मजले उतरलो हे तळपायांना फरशी भाजल्यावर कळलं.

"थांब," वरून हाक आली. पुन्हा हनुवटी आणि दोन हात. दोरीवरून टोपली खाली येऊ लागली. तिच्यात बूट होते. एका बुटात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. काटेवाल्यांनी उघडून पाहिलं तर एक बिस्किट. डबा नाही, एकच.

भोंगा बाजूला उभा होता. त्याने मान दुसरीकडे वळवली, पण पूर्ण नाही.

काटेवाल्यांनी बिस्किटाचे दोन तुकडे केले. अर्धं स्वतः खाल्लं, सावकाश, आठ महिन्यांतलं पहिलं. अर्धं पुन्हा कागदात गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि दोरीला झटका दिला. टोपली वर जाऊ लागली. पहिला मजला ओलांडला. दुसऱ्या मजल्याशी ती किंचित थांबली, गाणेबाईंच्या कठड्यातून एक हात बाहेर आल्यासारखा वाटला, आणि मग टोपली पुढे गेली.

अर्धं बिस्किट वर पोचलं की नाही, हे ओरडून विचारता आलं असतं. खिडक्याही उघड्याच होत्या. पण काटेवाल्यांनी विचारलं नाही. त्यांनी बूट घातले, नाडी बांधली आणि बायकोला म्हणाले, "पुढच्या रविवारी वर गेलो की विचारू."